रिक्षाला वेटिंग मिळतं

बसा बसा, मागे जागा आहे, खिडकीपाशी बसा, वारा तिथेच येतो. वाचनालयवाल्यांनी बोलावलं तेव्हाच मी सांगितलं होतं की मला भाषण येत नाही, मी १७ वर्षं आखातात ट्रेला, म्हणजे ट्रेलरवाला मोठा ट्रक, चालवलाय, बोलायला लावलंत तर रस्त्याचंच बोलणार. ते म्हणाले तेच बोला. फळ्यावर लिहिलंय 'आंतरराष्ट्रीय वाहतूक आणि आपण', म्हणजे फारच भारी झालं. मला एकच गोष्ट सांगायचीय, गाडी बॉर्डरवर उभी असते तेव्हा ड्रायव्हर कामावर असतो की नसतो? बास, एवढंच.

आणि हे बांद्यात बोलतोय ते बरंच आहे, कारण बॉर्डर काय ते आपल्याला दुबईवाल्यांनी शिकवायची गरज नाही. पत्रादेवी इथून स्कूटरवर किती, दहा-पंधरा मिनिटं? १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती आंतरराष्ट्रीय बॉर्डर होती, तिकडे पोर्तुगालचं राज्य. माझे आजोबा बैलगाडीत नारळ भरून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचे, आणि वाटेत पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, नाका. पुढे १९५५ मध्ये आपल्या सरकारने नाकाबंदी केली आणि ते जाणं-येणंच बंद झालं, पण त्याच्या आधीची एक गोष्ट ते मरेपर्यंत सांगायचे. "पाखल्यान माका मारूक नाय, पण दिवसभर वतात उभो करून ठेवल्यान." वतात म्हणजे उन्हात. लहानपणी आम्हाला वाटायचं ह्यात सांगण्यासारखं काय आहे, मारलं तर नाही ना. ते मला कळलं २००९ मध्ये, घुवैफातला.

घुवैफात म्हणजे अबू धाबीपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर, सरळ पश्चिमेला, अमिरातीचं शेवटचं टोक. पलीकडे सौदीचा बतहा नाका. दुबईत उतरलेला माल ट्रकने सौदी, कुवेत, बहरीन, जॉर्डन कुठेही जायचा तर मुख्य रस्ता हाच. २००९ च्या उन्हाळ्यात सौदीने तिथे ड्रायव्हरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली आणि एकेका माणसाला जो वेळ लागायला लागला त्यामुळे मागे लाईन लागली, लाईन म्हणजे किती, तर किलोमीटरच्या किलोमीटर नुसते ट्रक, पुढचा दिसतो आणि मागचा दिसतो, बाकी वाळू. जून महिना. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस पडतो हे मी त्या दिवसांत लोकांना सांगितलं तर पठाण हसायचे.

लाईनमध्ये काय होतं ते सांगतो, कारण पेपरात लाईनचा फोटो येतो, आतलं येत नाही. लाईन अशी थांबून राहत नाही हो, थांबली असती तर झोपलो असतो. ती दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन गाड्यांएवढी सरकते. म्हणजे झोपायचं नाही. झोपलास तर मागचा हॉर्न मारतो, नाही ऐकलंस तर बाजूने कोणीतरी घुसतो आणि मग भांडण, आणि भांडण झालं की पोलीस दोघांनाही लाईनच्या शेवटी पाठवतात. एसीसाठी इंजिन चालू ठेवावं तर डिझेल जळतं, आणि आमच्या कंपनीत ट्रिपचं डिझेल मोजून मिळायचं, जास्त जळलं तर हिशोब द्या. इंजिन बंद करावं तर केबिनचा तंदूर. गाडी सोडून कुठे जाता येत नाही, संडास दीड किलोमीटरवर, आता काय बोलणार, बायका बसल्यात समोर, समजून घ्या.

ट्रेलाच्या खाली बाजूला एक लोखंडी पेटी असते, त्यात सगळा संसार. छोटा गॅस, कुकर, तांदूळ, डाळ, कांदे, मीठ-मसाल्याचे डबे. सावली म्हणजे ट्रेलाची जी पडेल ती, सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या, दुपारी बारा वाजता नाहीच. तिथे चटई टाकायची. माझ्या पुढे पेशावरकडचा पठाण, मागे एक मलबारी, त्याच्या मागे नेपाळी. पठाणाकडे रोटी, मलबाऱ्याकडे सुके मासे, माझ्याकडे घरून आलेली कोकमं. मी कोकमाची सोलकढी केली, नारळाच्या दुधाची पावडर मिळते तिकडे त्यात, पठाणाने ती प्यायली आणि तोंड असं केलं की जणू मी त्याला औषध दिलं. रमजान आला की संध्याकाळी अख्ख्या लाईनभर खजूर फिरायचे, कोण हिंदू कोण मुसलमान कोण विचारतो. हे सगळं चांगलंच होतं, पण ह्याच्याच गोष्टी सांगत बसलो तर तुम्हाला वाटेल काय मजा यायची. मजा नव्हती. वाट बघायची होती, म्हणून आम्ही जेवत होतो.

तिकडचा एक शब्द सांगतो, बुकरा. बुकरा म्हणजे उद्या. खिडकीतल्या माणसाला कागद दिला की तो बघतो, मान हलवतो आणि म्हणतो बुकरा. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारण्याऐवजी 'काय बुकरा' म्हणायचो.

आता आकड्यांची गंमत ऐका, गंमत कसली, तीन रात्री गेल्या माझ्या. ट्रकबरोबर मॅनिफेस्ट असतं, त्यात माल, वजन, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. माझ्या गाडीचा नंबर सहाने सुरू व्हायचा. ऑफिसमधल्या पोराने अरबीत भरलेला कागद हातात दिला आणि म्हणाला नंबर चेक कर. मी बघितलं, पहिला आकडा सहा, म्हटलं ओके. बतह्याला पोचलो तर खिडकीतला म्हणतो ही तुझी गाडीच नाही. झालं काय होतं माहितीये? अरबी चार दिसतो आपल्या मराठी सहासारखा. तो पोरगा चुकून चार मारून बसला होता आणि मी शाळेत पाटीवर गिरवलेल्या सहाच्या भरवशावर त्याला ओके म्हटलं. तसाच त्यांचा पाच म्हणजे बारीक गोल, आपलं शून्य. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि म्हणे हे आकडे हिंदुस्थानातून त्यांच्याकडे गेले, अरबीत त्यांना हिंदी आकडेच म्हणतात. गेले असतील, पण वाटेत बदलले ना! नवीन कागद तयार होऊन यायला तीन रात्री, आणि कंपनीचा माणूस फोनवर मलाच शिव्या देतोय की तू चेक केलंस ना. मी सही केली होती, मग काय बोलणार.

बरं, आता तुम्ही म्हणाल की ते देश तर एकमेकांचे दोस्त. हो ना. २००३ पासून आखातातल्या सहा देशांची कस्टम्स युनियन आहे, बाहेरून आलेल्या बहुतेक मालावर एकदाच पाच टक्के ड्युटी, मग आत फिरू दे असं ते प्रकरण. कागदावर. मालाला तरी ते लागू होतं, कमीजास्त. ड्रायव्हरला नाही. माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अमिरातीचा, कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, तिथला, सौदीत जायला वेगळा व्हिसा, त्याची मुदत वेगळी, आणि लाईनमध्येच मुदत संपली तर पुन्हा पहिल्यापासून.

कस्टमवाल्यांना मी नुसते शिव्या घालणार नाही हां. एप्रिल २०२१ मध्ये सौदीत डाळिंबांच्या खोक्यातून पन्नास लाखांच्या वर नशेच्या गोळ्या पकडल्या, डाळिंबं आतून पोकळ करून भरलेल्या, लेबनॉनहून आलेला माल. सौदीने लेबनॉनची भाजी-फळं बंदच करून टाकली. मी खिडकीत बसलो असतो तर मीपण प्रत्येक फळाकडे वाकड्या नजरेनेच बघितलं असतं. पण त्याचं मला काय भोगावं लागलं ते ऐका.

मे २०२२. रीफर गाडी, म्हणजे फ्रिजवाली, आत आंबा. तेरा डिग्रीवर ठेवायचा, त्याच्या खाली गेला तर काळा पडतो, वर गेला तर पिकायला लागतो. दोन दिवस लाईनमध्ये काढून तपासणीला लागलो, बाहेर पंचेचाळीसच्या वर. त्यांनी सील तोडलं, मागचे दरवाजे उघडले आणि हमाल खोकी काढायला लागले. उतरलेलं पहिलं खोकं माझ्या पायाशी, त्यावर छापलंय देवगड हापूस. तुम्हाला सांगतो, तिथे वाळूत, मला आमच्या माजघरातल्या अढीचा वास आला. पेंढ्याचा वास नव्हता अर्थात, खोकी पुठ्ठ्याची, पण आंब्याचा तोच. क्षणभर बरं वाटलं आणि लगेच पोटात गोळा आला, कारण तेरा डिग्रीवर कच्च्या आंब्याला वास येत नाही. वास आला म्हणजे आंबा निघाला, म्हणजे कुवेतला पोचेपर्यंत डाग. कुत्रा आणला, स्कॅनर झाला, पाऊण तास दरवाजे उघडे. मी ऑफिसरला हातापाया पडून खुणेने सांगतोय की बंद करा, गर्मी गर्मी. माणूस वाईट नव्हता, त्याने मला पाण्याची बाटली दिली. दरवाजा नाही लावला. पुढे तिकडच्या व्यापाऱ्याने काही खोकी नाकारली आणि माझ्या पगारातून ४०० दिरहम कापले, टेम्परेचर सांभाळलं नाही म्हणून.

बहरीनचा पूल वेगळाच. किंग फहाद कॉजवे, पंचवीस किलोमीटर, १९८६ ला सुरू झाला, आणि मधोमध समुद्रात भराव घालून बेट केलंय त्यावर पासपोर्ट आणि कस्टम. म्हणजे लाईन लागते ती समुद्रावर. दोन्ही बाजूला पाणी, आरवली-शिरोड्याच्या पोराला ह्याहून काय पाहिजे, पण उतरता येत नाही. एका रात्री मी तिथे आठ तास होतो आणि खाली कोणीतरी होडी घेऊन मासे मारत होता, दिवा हलत होता. असो.

आणि ५ जून २०१७. कतारचा जमिनीवरचा एकच रस्ता, सौदीतून. त्या दिवशी सौदी, अमिराती, बहरीन, इजिप्त ह्यांनी कतारशी संबंध तोडले, रमजान चालू होता, कतारचा बराचसा खाण्याचा माल त्या रस्त्याने जायचा. आमच्या कंपनीच्या दोन गाड्या सालवाच्या नाक्यापर्यंत पोचलेल्या, एकीत दूध-दही. परत फिरवल्या. ते दार उघडलं थेट जानेवारी २०२१ मध्ये. दह्याचं काय झालं विचारू नका. ड्रायव्हरांना विचाराल तर, ट्रिप पूर्ण झाली नाही म्हणून ट्रिपचे पैसे मिळाले नाहीत.

हां, आता आलो मुद्द्यावर. आम्हाला पगार थोडा आणि ट्रिपवर भत्ता. दुबई ते रियाध ट्रिप तीन दिवसांत झाली तरी तेवढाच भत्ता, नऊ दिवसांत झाली तरी तेवढाच. गाडीमालक गिऱ्हाइकाकडून डिटेन्शन घेतो, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त दिवस गाडी अडकली की दिवसाला इतके. बंदरात कंटेनर पडून राहिला तर त्याचं भाडं. मालाला विमा. अहो, मुंबईत रिक्षा सिग्नलला थांबली तरी मीटर टिक टिक करतो, वेटिंग मिळतं! त्या सगळ्या साखळीत उभं राहण्याचे पैसे ज्याला मिळत नाहीत असा एकच माणूस, आणि उभा तोच आहे. मी एक वही ठेवली होती, साधी शंभर पानी, त्यात फक्त उभे तास लिहायचो. २०१४ सालचे जोडले तर ६३ दिवस भरले. ६३ दिवस! तेवढ्यात इकडे गणपतीला येऊन, भातकापणी करून परत गेलो असतो. ही वही मी कंपनीत दाखवली तेव्हा मॅनेजर म्हणाला, तू तर केबिनमध्ये बसून होतास ना, एसीत.

हे फक्त आखातात आहे असं नाही. आपल्या बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावर बांगलादेशात जाणाऱ्या गाड्या बनगावच्या पार्किंगमध्ये दिवस मोजत असायच्या. युरोपात बाहेरच्या ड्रायव्हरला १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, आता सर्बिया-बोस्नियातल्या ज्या माणसाचा धंदाच रोज बॉर्डर ओलांडायचा त्याने उरलेले ९० दिवस काय करायचं? २०२० च्या नाताळाच्या आधी फ्रान्सने कोविडपायी इंग्लंडहून येणारे रस्ते बंद केले, हजारो ट्रक केंटमध्ये अडकले, तेव्हा ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्याने जेवण करून पाठवलं. ते वाचून मला आमचा पठाण आठवला, रोटीवाला.

उपाय नाहीत असंही नाही. टीआयआर म्हणून एक करार आहे, १९७५ चा, आपला देश त्यात २०१७ ला गेला. ट्रकला निळी पाटी लागते, पांढऱ्या अक्षरांची. माल निघतानाच तपासून सील करायचा, मधल्या देशांनी साधारणपणे फक्त सील बघायचं आणि सोडायचं, ड्युटीची हमी आधीच दिलेली. फार चांगली गोष्ट. पण त्यात सुटतो तो माल. ड्रायव्हरचा व्हिसा त्यात येत नाही. आपल्या कोकण रेल्वेने १९९९ मध्ये रो-रो सुरू केली, कोलाड ते वेर्णा, ट्रक वॅगनवर चढवतात आणि ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा होऊन जातो. मला वाटायचं असं काहीतरी वाळवंटात का नाही करत. आणि आपल्याकडे तरी काय, जीएसटी येऊन कितीतरी नाके उठले, पण आपल्या मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंच आहे, त्यामुळे उभं राहायची प्रॅक्टिस इथेही होतेच. हसा हसा.

मगाशी दारात दोन पोरं भेटली मला, हेवी लायसन काढलंय, जूनमध्ये दुबईला जायचं म्हणतायत. मी जाऊ नका म्हणणार नाही, माझं घर त्याच पैशावर उभं आहे. ॲग्रिमेंट करताना उभ्या दिवसाचे पैसे लिहून मागा, देणार नाहीत, तरी मागा. वही ठेवा. कोकमं न्या. आणि पुढे या जरा दोघं. अहो, खडू आहे का तिथे? तो 'आंतरराष्ट्रीय' पुसा. हं, हा बघा, हा त्यांचा चार.