पाचांतली एक परकी

मंडळी, दिवाळीच्या सुमारास रात्री आठ वाजता गच्चीवर गेलात, तर जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. दोन तारे पूर्वा भाद्रपदेचे, दोन उत्तरा भाद्रपदेचे. त्याच्या वायव्येला, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी, आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. १८७७ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या एदुआर स्टेफान यांनी तिथे अंधुक ठिपक्यांचा एक घोळका नोंदवला. आपण त्याला 'स्टेफानचं पंचक' म्हणतो. ते ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखेच ताऱ्यांचे प्रचंड समुदाय आहेत, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हतं.

पाच दीर्घिका एकमेकींना इतक्या खेटून! पण १९६१ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या दांपत्याने त्यांतल्या एनजीसी ७३२० (एनजीसी हे दीर्घिकांच्या एका यादीचं नाव) या दीर्घिकेचा वर्णपट, म्हणजे तिच्या प्रकाशाचे रंग सुटे करून, घेतला आणि चित्र बदललं. त्यावरून वेग कळतो. ती सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर वेगाने दूर जाते आहे, बाकीच्या मात्र सहा हजारांच्या आसपास. दूर जाण्याचा वेग जितका जास्त, तितकी दीर्घिका लांब. तेव्हा ती असेल चार कोटी प्रकाशवर्षांवर, उरलेल्या चौघी एकोणतीस कोटींवर. म्हणजे ती या घरची नव्हेच, आपल्या नजरेच्या वाटेत उभी आहे इतकंच. आकाशात जवळ दिसणं आणि खरोखर जवळ असणं यांतला हा फरक आज रात्रभर लक्षात ठेवा, कारण या विषयातले अर्धे वाद त्यातूनच आले.

१९८२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल हिक्सन यांनी अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाच्या छायाचित्रांवरून असे शंभर दाट समूह निवडले. किमान चार दीर्घिका, तेजात फार तफावत नसलेल्या, दाटीने असलेल्या, आणि भोवती मोकळं आकाश. पुढे वेग मोजले तेव्हा शंभरांपैकी ९२ समूहांत किमान तीन दीर्घिका खरोखर एकत्र निघाल्या. म्हणजे बहुतेक समूह भास नव्हेत.

आता खरी अडचण. अशा समूहात दोन दीर्घिकांमधलं अंतर साधारण दोन लाख प्रकाशवर्षं, आणि त्यांचे आपसातले वेग सेकंदाला २०० किलोमीटरच्या घरातले. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे या दीर्घिकेच्या दीड हजार पट. तेव्हा तो जे अंतर एका वर्षात कापतो, त्याला हिला १५०० वर्षं लागतात. दोन लाख गुणिले १५००. तीस कोटी वर्षं! विश्वाचं वय १,३८० कोटी. एवढ्या काळात त्या एकमेकींजवळून कितीतरी वेळा गेल्या असत्या. आणि हळू जाणं इथे घातक असतं. मोठ्या गुच्छात दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरने सुसाट निघून जातात, गुरुत्वाकर्षणाला खेचायला वेळच मिळत नाही. इथे प्रत्येक भेटीत गतीची ऊर्जा ताऱ्यांच्या आणि कृष्णद्रव्याच्या (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) हालचालीत मुरते, आणि दीर्घिका एकमेकींत कोसळू लागतात. संगणकावरच्या प्रतिकृतींतही त्यांची शेवटी एक लंबवर्तुळाकार दीर्घिका होते. मग हे समूह अजून शिल्लक कसे?

एक उत्तर असं, की कृष्णद्रव्य एकेका दीर्घिकेभोवती न राहता सगळ्या समूहात पसरलेलं असेल, तर विलीन होण्याला बराच वेळ लागतो. दुसरं असं, की जुने संपतात तसे सैल समूहांतून नवे दाट समूह जमत राहतात. मला ही दोन्ही उत्तरं एकत्रच खरी वाटतात, पण दुसऱ्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे आणि तो स्टेफानच्या पंचकातच आहे.

तिथे एनजीसी ७३१८बी ही दीर्घिका आत्ता, या घडीला, समूहात घुसते आहे, बाकीच्या दीर्घिकांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर वेगाने. आधीच्या भेटींत दीर्घिकांमधून ओढून काढलेला वायू वाटेत पसरला आहे. त्याच्यावर ती आदळली, आणि आपल्या आकाशगंगेहून लांब अशी आघातलहर उठली. ती क्ष-किरणांत दिसते, रेडिओत दिसते. पण स्पिट्झर या अवरक्त किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीला तिथे तापलेल्या रेणुरूप हायड्रोजनचा लखलखाट सापडला, तेव्हा अभ्यासक चकित झाले. एवढ्या टकरीत रेणू टिकतीलच कसे, असं वाटत होतं. जुलै २०२२ मध्ये वेब दुर्बिणीच्या पहिल्या चित्रांत हीच लहर आपण सर्वांनी पाहिली.

अणुरूप हायड्रोजनही महत्त्वाचा. तो २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींत बोलतो, आणि ते ऐकू शकणाऱ्या दुर्बिणींपैकी एक आपल्या नारायणगावजवळ खोडदला आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी. समूह जितका मुरलेला, तितका दीर्घिकांतला हा वायू कमी. सुरुवातीला तो प्रत्येकीच्या तबकडीत असतो, मग शेपट्यांमध्ये दिसतो, शेवटी जवळजवळ नाहीसाच. वायू संपला की नवे तारे जन्मणं थांबतं.

या वाटेच्या टोकाला काय असतं, तेही सापडलं आहे. १९९४ मध्ये क्ष-किरणांत एक ढग ओळखला गेला, अख्ख्या समूहाला शोभेल एवढ्या तापलेल्या वायूचा. आणि त्यात दीर्घिका? मधोमध एकच, प्रचंड, लंबवर्तुळाकार. अशांना जीवाश्म समूह म्हणतात. वायूचं ते आवरण अजून समूहाएवढंच आहे.