साडेसहा फुटांचा 'बुटका': काइल हाइन्स आणि युरोपातली नोकरी

(टेबलावर कॅरम बोर्ड. बाजूला काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि राणी.)

नमस्कार मंडळी. कॅरम बोर्ड बघून चॅनल चुकलं असं समजू नका, विषय बास्केटबॉलच आहे. बोर्ड खालच्या मजल्यावरच्या काकांकडून मागून आणलाय, मधे एकदा लागणार आहे.

तर एक माणूस. उंची सहा फूट सहा इंच. एसटीत उभा राहिला तर मान तिरकी करावी लागेल, जुन्या वाड्याच्या दारात शिरला तर कपाळमोक्ष ठरलेला. आणि हा माणूस त्याच्या धंद्यात बुटका ठरला. इतका, की २००८च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या बास्केटबॉल लीगसाठीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, साठ खेळाडू निवडले गेले आणि त्यांत त्याचं नाव नव्हतं.

नाव काइल हाइन्स. पुढे त्याने चार वेळा युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली. एनबीएत मात्र एकही मॅच खेळला नाही.

नाव ऐकलं नसेल तर लाजू नका. आपल्याकडे बास्केटबॉल बघणारा माणूस पहाटे गजर लावून एनबीए बघतो, आणि एनबीएच्या बाहेरही लोक या खेळावर पोट भरतात हे त्याच्या गावीही नसतं. मी स्वतः कॉलेजच्या टीमचा. सिमेंटचं कोर्ट, जाळी नसलेली रिंग. पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं, शेवटच्या दोघांना 'तुम्ही रिंगखाली' सांगितलं आणि निवड संपली. कोण काय खेळतो हे बघितलंच नाही. तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटायचं. नंतर कळलं, करोडो डॉलर खर्चून अमेरिकेतही बरंचसं तेच चालतं.

हाइन्स न्यू जर्सीचा. कॉलेज, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं ग्रीन्सबरो. आता 'नॉर्थ कॅरोलायना' म्हटल्यावर मायकेल जॉर्डन आठवतो, पण तो चॅपल हिलचा. ग्रीन्सबरो वेगळं. १९६०च्या दशकापर्यंत ते फक्त मुलींचं कॉलेज होतं. मोठ्या टीव्ही चॅनलचे कॅमेरे तिथे सहसा फिरकत नाहीत. त्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजातून एक सडपातळ पोरगा खेळत होता, स्टेफन करी. करी पुढे एनबीएचा सुपरस्टार झाला, ते सांगायला नको.

हाइन्सने चार वर्षांत २०००च्या वर पॉइंट काढले, १०००च्या वर रिबाऊंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे बॉल, पकडले, ३००च्या वर ब्लॉक केले, म्हणजे समोरच्याचे शॉट हवेतच अडवले. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या पातळीवर हे तिन्ही आकडे गाठलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. टिम डंकन, डेव्हिड रॉबिन्सन, अलोन्झो मोर्निंग, अशी त्यांची नावं, सगळे पुढे एनबीएचे दिग्गज. आणि त्या पंगतीत हा.

मग घोडं अडलं कुठे? तो खेळायचा सेंटरसारखा, रिंगखाली, पाठ लावून, अंगाला अंग घासत. आणि एनबीएत तेव्हा सेंटर म्हणजे सहा फूट दहा, अकरा, सात. याला बाहेर काढून फॉरवर्ड करावा तर लांबून शॉट नाही. आत ठेवावा तर समोरचा चार इंचांनी उंच. धोबी का कुत्ता म्हणतात तसं, ना घरचा ना घाटाचा.

ड्राफ्ट झाल्यावर अशा पोरांपुढे एकच मोठा रस्ता उरतो, परदेश. तो रस्ता कसा असतो ते जरा सांगतो, कारण 'युरोपात खेळतो' म्हटलं की आपल्याला फक्त विमान आणि आयफेल टॉवर दिसतो.

करार बहुतेक वेळा एका सीझनचा. पगाराचा आकडा साधारणपणे टॅक्स वगळून, हातात पडणारा. राहायला फ्लॅट क्लबचा, वापरायला गाडी क्लबची, येण्याजाण्याची तिकिटं क्लबची, आणि एजंटची फीसुद्धा बऱ्याचदा क्लबच भरतो. ऐकायला झकास. पण तिथल्या देशांतर्गत लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असते. आयपीएलमध्ये कसे अकरांत चारच परदेशी, तसंच. म्हणजे तुम्ही त्या मोजक्या जागांपैकी एक अडवून बसलेले असता. स्थानिक पोरगा चार मॅच वाईट खेळला तर 'शिकेल हळूहळू', तुम्ही खेळलात तर डिसेंबरात घरचं तिकीट. त्यातून क्लबची आर्थिक स्थिती डळमळीत असेल तर पगार लांबतो, एक महिना, दोन महिने. या भांडणांचं इतकं पेव फुटलं की २००७ मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, त्यासाठी जिनिव्हात एक लवाद काढला. खेळाडूच्या बाजूने निकाल लागला आणि क्लबने पैसे दिले नाहीत, तर त्या क्लबला नवीन खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते. हे हत्यार चालतं. क्लबला पुढच्या सीझनची टीम उभी करायची असते ना.

तर हाइन्स गेला वेरोलीला. रोमच्या आग्नेयेला डोंगरावर वसलेलं गाव, वस्ती वीस हजारांच्या आसपास, आणि टीम इटलीच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. म्हणजे कॉलेजात डंकनच्या पंगतीत बसलेला माणूस, पहिली नोकरी लागली तालुक्याच्या गावी. दोन वर्षं काढली तिथे. मग जर्मनीत बांबर्ग. तेही छोटंच शहर, पण बास्केटबॉलचं वेड असलेलं. २०१०-११ मध्ये बांबर्गने जर्मन लीग आणि कप दोन्ही जिंकले, आणि त्याच वर्षी हाइन्स पहिल्यांदा युरोलीग खेळला.

आता बोर्ड जवळ घेऊ.

(कॅमेरा वरून, बोर्डावर.)

हे कोपऱ्यातलं भोक म्हणजे रिंग. या दोन काळ्या सोंगट्या हल्ला करणाऱ्या. एक गार्ड, चपळ. त्याच्याजवळ राणी ठेवतो, राणी म्हणजे बॉल. दुसरी काळी म्हणजे त्यांचा दांडगा माणूस. पांढऱ्या दोन बचावाच्या, एक चपळ, एक उंच.

आता बघा. हा काळा दांडगा पुढे येतो आणि पांढऱ्या चपळाच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. हा झाला पिक. पांढरा अडकला, राणीवाला सुटला. मग दांडगा वळून भोकाकडे धावतो. हा रोल. पांढऱ्या उंच माणसाची आता पंचाईत. पुढे येऊन राणीवाल्याला अडवलं, तर मागे दांडगा मोकळा. मागे थांबला, तर राणीवाला निवांत शॉट मारणार. तिसरा उपाय म्हणजे स्विच: माणसं बदलून घ्यायची. चपळाने दांडग्याला धरायचं, उंचाने राणीवाल्याला. कागदावर सोपं आहे. पण सात फुटी माणूस चपळ गार्डपुढे एकटा सापडला की म्हैस मांजरामागे धावावी तसं दिसतं.

आता ही उंच पांढरी उचलतो आणि हिच्या जागी हाइन्स ठेवतो.

(दुसरी पांढरी सोंगटी ठेवतो.)

हा गार्डपुढेही पाय हलवत टिकतो, आणि रिंगखाली दांडग्यालाही ढकलू देत नाही, कारण गुरुत्वमध्य खाली, ताकद बैलाची. स्विच केला आणि समोरच्याला फायदा शून्य. हल्ला जिथल्या तिथे थांबला.

युरोपात याची किंमत जास्त का? नियम. एनबीएत बचाव करणाऱ्याला, जवळ कुणाला धरलेलं नसताना, रिंगखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. फिबाच्या नियमांत हे बंधन नाही. कोर्टही किंचित लहान. त्यामुळे युरोपात रिंगखाली दिवाळीतल्या बाजारासारखी गर्दी. एकट्याने घुसून काही हाती लागत नाही, म्हणून जो तो पिक अँड रोल खेळतो. आणि जिथे सगळे एकच कुलूप लावतात, तिथे त्या कुलपाची किल्ली असलेला माणूस महाग होणारच.

(कॅमेरा पुन्हा समोर.)

२०११ मध्ये त्याला ग्रीसच्या ऑलिंपियाकोसने घेतलं. ग्रीसवर कर्जाचं संकट, क्लबने खर्च छाटलेला, मोठी नावं सोडून गेलेली. त्यांतला मिलोश तेओदोसिच तर थेट रशियाच्या सीएसकेए मॉस्को क्लबात. आणि १३ मे २०१२ला इस्तंबूलमध्ये युरोलीगची फायनल, समोर तीच सीएसकेए. त्यांच्याकडे एनबीए गाजवलेला आंद्रेई किरिलेन्को. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऑलिंपियाकोस १९ पॉइंटने मागे. ४० मिनिटांच्या मॅचमध्ये १९ म्हणजे लोक पार्किंगकडे निघतात. तिथून हे एकेक करत आले. शेवटचे दहाएक सेकंद, सीएसकेए एका पॉइंटने पुढे, त्यांच्या शिश्काउस्कासला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी अडवायला नसताना मारायचे शॉट. अनुभवी माणूस. पहिला हुकला. दुसराही हुकला. ऑलिंपियाकोसच्या स्पानुलिसने बॉल घेऊन धाव घेतली, दोघे अंगावर आले तसा बाजूला प्रिंटेझिसला दिला, त्याने हात वर करून नुसता तरंगवला. ०.७ सेकंद शिल्लक. ६२-६१.

मी ती क्लिप किती वेळा बघितली असेल, विचारू नका. दरवेळी वाटतं, शिश्काउस्कास या वेळी तरी एक टाकेल.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये रेआल माद्रिदला १००-८८ हरवून पुन्हा विजेतेपद. आणि लगेच हाइन्स गेला कुठे? सीएसकेए मॉस्कोला! ज्यांना रडवलं त्यांच्याचकडे. तिथे थोडीथोडकी नाही, सात वर्षं. जिथे करार वर्षावर्षाचे असतात तिथे सात वर्षं म्हणजे सरकारी नोकरीच. २०१६ची फायनल बर्लिनमध्ये, फेनरबाहचेविरुद्ध, ओव्हरटाइममध्ये १०१-९६. मग २०१९. झाल्या चार.

आता मला जे खटकतं ते. २०१२च्या ड्राफ्टमध्ये ३५व्या क्रमांकावर एक खेळाडू निवडला गेला, ड्रेमंड ग्रीन. उंची? सहा फूट सहा इंच. काम? रिंगखाली थांबायचं, स्विच करून गार्डला धरायचं. त्याला सेंटर करून गोल्डन स्टेट या एनबीए टीमने २०१५ मध्ये विजेतेपद मिळवलं, आणि सगळी एनबीए 'स्मॉल बॉल, स्मॉल बॉल' करत सुटली, म्हणजे उंच माणसांऐवजी बुटक्या, चपळ माणसांची टीम. ग्रीनचीही चार विजेतेपदं झाली. दोघांची हुबेहूब तुलना करत नाही मी, ग्रीनचं पासिंग वेगळ्याच दर्जाचं आहे. पण ड्राफ्टमधलं अंतर चारच वर्षांचं. एनबीएला अशा माणसाची गरज कळली तेव्हा हाइन्स मॉस्कोत बर्फ तुडवत सरावाला जात होता. काही जण म्हणतात नशीब. मला विचाराल तर बघणाऱ्यांच्या हातात उंची मोजायची टेप होती, एवढंच.

२०२० मध्ये तो मिलानला गेला, प्रशिक्षक एत्तोरे मेसिना यांच्या हाताखाली. २०२१च्या युरोलीग सेमीफायनलमध्ये बार्सिलोनाने त्यांना ८४-८२ असं शेवटच्या क्षणी हरवलं. शॉट मारला कोरी हिगिन्सने. सीएसकेएत हाइन्ससोबत खेळलेला. २०१२चं उसनं फिटलं म्हणायचं! बाकी मिलानला २०२२, २०२३, २०२४ अशी लागोपाठ तीन इटालियन विजेतेपदं. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू तो तीनदा झाला, २०१६, २०१८ आणि २०२२. शेवटच्या वेळी वय ३५.

२०२४ मध्ये चारशेच्या घरात युरोलीग मॅच खेळून त्याने बूट काढले, आणि त्याच वर्षी एनबीएच्या ब्रुकलिन नेट्सने त्याला बोलावलं, खेळाडू घडवण्याच्या कामावर. म्हणजे एनबीएत गेला शेवटी. ३७व्या वर्षी, शिट्टी घेऊन.

चला, काकांचा बोर्ड खाली नेऊन द्यायचाय. एक पांढरी सोंगटी कमी दिसतेय. हाइन्स कुठे गेला?