थोडक्यात हुकलं

सदाशिव पेठ, संध्याकाळचे साडेसात, मंडळाच्या खोलीत कॅरमवर नेहमीचे चौघं. हा शॉट बघा. क्वीन गेली, गेली... आणि पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबली. "अरे यार, थोडक्यात!" आता पुढच्या वेळी हा पोरगा स्ट्रायकर जरा सरकवून लावेल, बोटाचा जोर कमी करेल, आणि घेईलही कदाचित. म्हणजे कॅरममध्ये थोडक्यात हुकणं ही कामाची माहिती असते, नेम जवळ आलाय, अजून खेळ असं डोकं सांगतं आणि बरोबरच सांगतं.

आता हेच डोकं स्लॉट मशीनसमोर, म्हणजे पैसे लावून चाकं फिरवायची आणि एका रेषेत सारखी चित्रं आली की जिंकायचं त्या जुगाराच्या यंत्रासमोर, नेऊन बसवा. पुण्यात ते मिळायचं नाही, त्यासाठी स्वारगेटवरून रात्रीची पणजीची गाडी पकडायची. गोव्यात १९९२ पासून फाइव्ह स्टार हॉटेलात स्लॉट मशीनला परवानगी आहे. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता बरं का, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला, आता यावर काय बोलणार.

पहिली गाजलेली मशीन बनवली चार्ल्स फे नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेकॅनिकने, १८९० च्या दशकात. तीन चाकं, प्रत्येकावर दहा घरं, म्हणजे एकूण एक हजार शक्यता, हिशोब सरळ. जे चाकावर दिसतं तेच खरं.

ही सरळ भानगड मोडली १९८४ मध्ये. इंगे टेलनेस या गणितज्ञाने पेटंट घेतलं आणि चाकं फक्त शोभेला उरली. निकाल लावते आतली चिप, ती एक नंबर काढते आणि चाक सांगितलेल्या घरावर जाऊन उभं राहतं. आता गंमत ऐका, चाकावर २२ घरं दिसत असली तरी चिपकडे ६४ नंबर असू शकतात, त्यातला जॅकपॉटच्या चित्राला एखादाच द्यायचा आणि त्याच्या लगेच वरच्या-खालच्या रिकाम्या घरांना भरपूर वाटायचे. मग होतं काय, जॅकपॉट सारखा रेषेच्या एक घर वर नाहीतर एक घर खाली येऊन थांबतो! खेळणाऱ्याला वाटतं आलंच होतं. कॅरमवाली सवय इथे फुकट जाते, कारण इथे नेम नावाची गोष्टच नाही.

२००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून असाच खेळ खेळायला लावला. थोडक्यात हरल्यावर मेंदूतले जे भाग चाळवले त्यातले काही तेच होते जे जिंकल्यावर चाळवतात, आणि लोक म्हणाले छान नाही वाटलं, पण अजून खेळावंसं वाटतंय.

याच्याही पुढची चलाखी नव्या मशीनमध्ये, एकाच वेळी वीस-वीस रेषांवर पैसे लावायचे. वीस रुपये लावले, आठ परत आले, म्हणजे बारा गेले ना? पण मशीन दिवे लावते, गाणं वाजवते, अभिनंदनच करते जणू. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर नेमक्या याच जल्लोषाला बंदी घातली.

आणि बक्षीस कधी मिळेल ते माहीतच नसेल तर माणूस काय, कबूतरही बटण सोडत नाही, हे स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कधीच दाखवलं होतं. अमृततुल्यवर दहा रुपयांचा चहा पिऊन फोनवरून पैसे दिल्यावर जे स्क्रॅच कार्ड येतं ना, दहा वेळा "बेटर लक नेक्स्ट टाइम" येऊनही आपण अकराव्यांदा खरवडतोच, त्याचं मूळ तिथेच आहे.

आमचा एक मित्र गोव्याहून परतला, सकाळी स्वारगेटला उतरला, डोळे लाल. किती गेले ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि अंगठा आणि बोट जेमतेम एवढं अंतर ठेवून मला दाखवलं, "तिसरा सात ना, एवढाच खाली राहिला रे."