लाव्हा बघा, पण दोरीच्या अलीकडून

नमस्कार मंडळी. आज जरा लांबच्या विषयावर बोलायचंय, पण तो माझ्या मनात ऑगस्ट २०२२ पासून घर करून बसलाय, आणि हल्ली अंधेरी-बोरिवली-डोंबिवलीतून आइसलँडला जाणारे लोक मला सारखे विचारतात, की ताई, लाव्हा खरंच जवळून बघता येतो का, मुलांना नेलं तर चालेल का. तर सगळं सांगते.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझी ताई, जिजू आणि त्यांची चिऊ, वय वर्षं दहा. ३ ऑगस्टला मेराडालिर नावाच्या दरीत जमीन फाटून लाव्हा यायला लागला होता आणि आमची तिकिटं आधीच काढलेली, म्हणजे चिऊला वाटलं हा ज्वालामुखी खास तिच्यासाठीच फुटलाय. आम्ही ग्रिंडाविक गावाजवळच्या पार्किंगला पोचलो, बूट बांधले, थर्मास भरला, आणि तिथल्या बचाव पथकाच्या माणसाने सांगितलं की बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाही. पोलीसप्रमुखांचा आदेश, दोन-चार दिवसांपूर्वीच निघालेला. आमच्या टूरवाल्यांनी सकाळी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. चिऊ तिथेच पार्किंगमध्ये ढसाढसा रडायला लागली आणि खरं सांगते, मलाही प्रचंड राग आला.

तो माणूस मात्र चिऊसमोर गुडघ्यावर बसला. त्याच्या जॅकेटला एक छोटं मशीन अडकवलेलं होतं, गॅस मोजायचं. ते काढून त्याने आधी स्वतःच्या उंचीला धरलं, मग चिऊच्या नाकापाशी, मग पार जमिनीलगत नेलं, आणि तिला सांगितलं की वर दरीत जो वायू साचतो ना तो हवेपेक्षा जड असतो, तो पाण्यासारखा खड्ड्यात खाली जाऊन बसतो, आणि तुझं नाक माझ्या नाकापेक्षा खाली आहे. बस्स, एवढंच. म्हणून तिथे कुत्र्यांनाही आणू नका म्हणतात. चिऊने डोळे पुसले आणि विचारलं, मग तू खाली वाकतोस तेव्हा? तो म्हणाला, मी वर गेलो की वाकत नाही.

मंडळी, नियम कसा सांगावा हे मी तिथे शिकले.

ताई चिऊला घेऊन खाली थांबली, मी आणि जिजू वर गेलो. एका बाजूला सात किलोमीटरच्या आसपास, दगडगोट्यांचा चढ, वारा असा की टोपी हातात धरून चालायचं. आपल्याकडे राजमाची-हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला जड नाही, पण लोक तिथे कापडी बुटात आलेले, पाण्याची बाटली नाही, बॅटरी नाही, आणि सगळ्यांना लाव्हा अंधारात बघायचा असतो म्हणून परतताना मध्यरात्र होते. तिथल्या बचाव पथकाला विचाराल तर जास्त करून पाय मुरगळलेली, हाड मोडलेली, थंडीने गारठलेली माणसं उतरवावी लागतात. लाव्हाने भाजलेला माणूस क्वचितच, धुक्यात वाट चुकलेले मात्र भरपूर.

आणि मग तो दिसला. आधी वास आला, दिवाळीच्या पहाटे गल्लीभर सुतळी बॉम्बचा असतो ना तसा गंधकाचा, मग आवाज. आवाजाची कल्पनाच नव्हती मला. वरचा काळा थर थंड होताना तडकतो, काचेच्या बांगड्या पोत्यात भरून कुणी हळूहळू हलवाव्यात तसा तो आवाज, आणि तो सगळ्या दरीतून येत असतो. धग तोंडावर बसते, पाठ मात्र गार. आम्ही वारा पाठीवर घेऊन उंचवट्यावर उभे होतो, आणि ही गोष्ट लक्षात ठेवाच: वारा पाठीवर पाहिजे, पायाखाली उंच जागा पाहिजे आणि वारा पडला तर बघत बसायचं नाही, निघायचं, कारण वारा नसतानाच वायू साचतो. आइसलँडचं हवामान खातं उद्रेक चालू असताना रोज वायूचा अंदाज देतं, आपण पावसाचा बघतो तसा तो सकाळी बघायचा.

आमच्या डावीकडे एक मुलगा काळ्या थरावर चढून व्हिडिओ काढत होता. वरून तो थर आपल्या घाटातल्या कातळासारखाच दिसतो, घट्ट, सुरकुतलेला, पण त्याच्या फटीतून आतला नारिंगी रंग दिसत होता. बघा, हा लाव्हा १,१०० ते १,२०० डिग्रीचा असतो आणि दगड उष्णता फार हळू सोडतो, म्हणजे वरची कातडी काही मिनिटांतच काळी होते आणि आत प्रवाह चालूच राहतो, आणि तो कुठूनही अचानक बाहेर फुटतो. पथकातली एक बाई त्याला ओरडून बोलवत होती. तिचा आवाज चिरकत होता. तो पाय घसरून आत गेला असता तर त्याच्यामागे जाणं तिला शक्यच नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं म्हणूनच ती इतकी ओरडत होती. तो परत आला, सुदैवाने.

आता वाद काय आहे ते सांगते. बारा वर्षांच्या त्या नियमावरून तिथल्या लोकांतच बरीच जुंपली होती. रोज डोंगरात फिरणारं दहा वर्षांचं मूल सोडायचं नाही, पण दम लागलेला पन्नाशीचा पर्यटक सोडायचा, हे कसं? पालकांनी ठरवायचं की पोलिसांनी? शिवाय ती जमीन खाजगी मालकीची, पार्किंगचे पैसे मालक घेतात, मग जबाबदारी कुणाची? मला विचाराल तर नुसतं वय हे माप कच्चं आहे. पण रात्री दोन वाजता त्या मुलाला पाठीवर घेऊन सात किलोमीटर कोण उतरवणार, तर हेच स्वयंसेवक. पगार नाही त्यांना, नववर्षाचे फटाके विकून पैसे उभे करतात. आपल्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं जशी भर पावसात दरीत उतरतात तशीच ही माणसं. ज्यांना उतरवायला यायचंय त्यांचा शब्द शेवटचा, असं माझं ठाम मत झालंय.

आणि नियम डोंगराबरोबर बदलायला पाहिजेत. २०२१ मध्ये तिथेच, शेजारच्या फाग्राडाल्सफ्याल डोंगराला, १९ मार्चला सुरुवात झाली आणि ५ एप्रिलला काही शे मीटरवर नवीन भेग पडली, जिथे त्याआधी लोकांची वर्दळ होती. जूनमध्ये आखून दिलेल्या पायवाटेवरच लाव्हा आला. लोक ज्या टेकडीवर उभं राहून बघायचे ती टेकडीसुद्धा चारी बाजूंनी वेढली गेली. म्हणजे मार्चमध्ये लिहिलेली पाटी जूनमध्ये जीव घेऊ शकते. म्हणून तुमच्या मावसभावाने गेल्या वर्षी काढलेला मॅप दाखवून जाऊ नका, त्या दिवशीचं काय ते विचारा.

काही जागी मात्र मी वाद घालणारच नाही. लाव्हा जिथे समुद्रात पडतो ती जागा. हवाईत किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात पडतो तेव्हा पांढरी वाफ उठते, फोटोत ती ढगासारखी गोड दिसते, पण ती नुसती वाफ नाही, त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि काचेचे बारीक कण. आणि किनाऱ्याला लाव्हाची जी नवी जमीन तयार होते तिच्याखाली टेकू नसतो, नुसता भुगा, ती कधीही समुद्रात कोसळते. ३१ डिसेंबर २०१६ ला तिथल्या नॅशनल पार्कमध्ये पाच पर्यटक पांढऱ्या दोरीखालून वाकून थेट कड्याकडे निघाले. दोन रेंजर धावत गेले, त्यांना मागे आणलं. पंधरा मिनिटांच्या आत तो कडा समुद्रात गेला. पंधरा मिनिटं, म्हणजे अंधेरीहून वांद्र्याला लोकलने जायला लागतात तेवढीच.

बोटीतून गेलं की सुरक्षित, असंही नाही. १६ जुलै २०१८ ला स्फोटात उडालेला तापलेला दगड पर्यटकांच्या बोटीचं छत फोडून आत पडला आणि २३ जण जखमी झाले. तटरक्षक दलाने ३०० मीटरची हद्द आखली होती. आणि त्याच उन्हाळ्यात खाली वस्तीत ७०० च्या वर घरं गेली होती. तिथले लोक पर्यटकांवर चिडले, आणि चिडणारच, तुमचं स्वयंपाकघर जळतंय आणि कुणीतरी गाडी लावून फोटो काढतंय, सहन होईल का? हवाईच्या मूळ लोकांसाठी तर तो लाव्हा म्हणजे पेले देवी. आपण गावदेवीच्या गाभाऱ्यात जोडे घालून जात नाही, तेवढं तिथेही पाळावं.

इटलीत वेगळी पद्धत आहे. स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीवर २९० मीटरपर्यंत एकटं जा, ४०० पर्यंत गाइडबरोबर, त्याच्यावर नाही. २०१९ च्या जुलैमध्ये तिथल्या स्फोटात एक माणूस गेला, त्यानंतर ही कडक शिस्त आली. गाइडची सक्ती म्हणजे धंदा, असं काही जण म्हणतात, आणि गरीब पोरांनी मग बघायचंच नाही का, हा प्रश्न मला पटतो. पण वर-खाली टप्पे पाडून दिलेत, सरसकट दार बंद केलेलं नाही, हे मला आवडलं.

कारण सरसकट बंदी काय करते ते आपण मुंबईकरांनी बघितलंय. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला, मला दोन रात्री झोप नव्हती. मग मनाईचे आदेश निघाले. आणि दुसऱ्याच रविवारी माझ्या ऑफिसातली मुलं विचारत होती, मागच्या वाटेने कुठून जाता येतं. बंद लिहिलं पण का बंद, कधीपर्यंत बंद, वरच्या बाजूला पाऊस पडला की खाली पाणी किती मिनिटांत चढतं, हे त्यांना कुणी समोर बसून सांगितलंच नाही. त्याउलट भरतीचं बघा, पालिका तारखा, वेळा, लाटांची उंची जाहीर करते, साडेचार मीटरच्या वर असलं की मरीन ड्राइव्हवर पोलीस उभे राहतात. ते लोकांना कळतं, सगळे ऐकत नाहीत, पण कळतं तरी.

आपल्याकडचा जिवंत ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट, १९९१ मध्ये दीडशेहून जास्त वर्षांची झोप मोडून उठला. तिथे उतरायला परवानगी नाही, जहाजातूनच बघायचं, आणि ते बरोबरच आहे, बेटावर ना वस्ती, ना तुम्हाला उचलून आणायला कुणी.

जाणाऱ्यांनो, घोट्याच्या वर येणारे बूट, डोक्याला लावायची बॅटरी, लोकरीचे कपडे आणि पाणी न्या, टूरवाल्याला निघायच्या आधी लेखी विचारा की आजचा स्थानिक आदेश काय आहे, आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की कदाचित परत फिरावं लागेल. आम्ही चिऊला ते सांगितलं नव्हतं, ती चूक आमची.

ते ग्रिंडाविक गाव पुढे १० नोव्हेंबर २०२३ ला एका रात्रीत रिकामं करावं लागलं आणि १४ जानेवारी २०२४ ला लाव्हाने तिथली तीन घरं जाळली. चिऊने बातमी बघितली आणि पहिलं विचारलं, तो मशीनवाला काका कुठे राहतो गं मावशी? मला माहीत नव्हतं.

मग मी तिला घेऊन आमच्या अंधेरीतल्या गिल्बर्ट हिलला गेले, पायऱ्या चढून गावदेवीपर्यंत. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, दोनशे फूट उंच, सरळ खांबच खांब, आणि भोवती इमारती. चिऊने एका खांबाला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. गार आहे, म्हणाली. आता ती बारा पूर्ण झालीये, तिकडे काही फुटलं की सकाळी आधी वाऱ्याची दिशा बघते आणि मला शाळेत जायच्या आधी फोन करून सांगते.