ओसरीवरची शाळा आणि वीस वर्षांनंतरची मजुरी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील या सरकारी प्राथमिक शाळेला एकच खोली आहे. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ ओढलेली आहे; तिच्या डावीकडे पहिली-दुसरीची बाराखडी, उजवीकडे तिसरी-चौथीचे भागाकार, आणि दोन्हीकडे लक्ष ठेवायला एकच बाई.

१९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा साक्षरांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. पोर्तुगीज अमदानीतील लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय, राजधानी पणजीत होते. खेड्यापाड्यांतील मराठी शाळा बहुतांशी लोकांनीच पदरमोड करून चालवलेल्या होत्या. १९६३ साली मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या, आणि इमारतींची वाट न पाहता देवळांच्या सभामंडपांत, कोणाच्या तरी ओसरीवर वर्ग भरू लागले. शिक्षक अपुरे पडले, तेव्हा ते महाराष्ट्रातूनही आले. शाळा वस्तीपाशी आल्यावर मुलीला परगावी कसे पाठवायचे, ही आईबापांची अडचणही बरीचशी सरली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर गेली होती.

अशा शाळांनी कमाईत किती भर पडते, याचा काटेकोर हिशेब मांडला गेला तो इंडोनेशियात. खनिज तेलाच्या वाढलेल्या उत्पन्नातून त्या देशाने १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत ६१,०००हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञ एस्तेर डुफ्लो यांनी, या शाळांत जाण्याच्या वयाचे असलेले मुलगे आणि ते वय तेव्हा उलटून गेलेले मुलगे यांच्या १९९५ मधील मजुरीतील फरक जिल्हावार ताडून पाहिला. दर हजार मुलांमागे बांधलेल्या एकेका शाळेमुळे मजुरी दीड ते २.७ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. आकडा किरकोळ वाटेल. पण ही वाढ हाती पडायला वीस वर्षे लागली, आणि सरकारे तर पाच वर्षांच्या बोलीने येतात.

गोव्याच्या हिशेबात आणखी एक गुंता आहे. येथे शिकलेली कितीतरी मुले पुण्यात, बंगळूरात, आखातात कमावतात. म्हणजे शाळेचा खर्च गोव्याच्या तिजोरीतून झाला, वाढीव पगार मात्र दुसरीकडेच मोजला गेला. आता पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे, पट घसरल्यामुळे अनेक सरकारी प्राथमिक शाळांना टाळे लागले आहे. अशी शाळा बंद करताना दर विद्यार्थ्यामागे किती खर्च येतो, हे कागदावर मांडले जाते. शेजारच्या गावातील शाळेत पाच वर्षांच्या मुलाला रोज नेऊन सोडण्यासाठी आईची जी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, तिच्यासाठी त्या कागदावर रकानाच नसतो.