थुंकी नको, बेडका पाहिजे

[दृश्य : मंगळवार पेठ, सकाळ. आबा अंगणात बसलेत. कॅमेरा कानांवर.]

आबांचे कान बघा. दोन्ही मोडलेले, गच्च झालेले. तालमीच्या मातीत वर्षानुवर्षं घासले की कान असे होतात. असे कान असलेल्या माणसाला कोल्हापुरात कुणी तब्येतीचं विचारत नाही, आपणच विचारायचं असतं, "आबा, बैठका अजून चालू आहेत ना?" आणि आबा म्हणणार, "शंभर. जोर पन्नास. आता वय झालं."

आबांची लेक अमेरिकेत असते. तिथली नागरिक झाल्यावर तिनं आईवडिलांना तिकडं कायमचं नेण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला. कागदपत्रं झाली, फी भरली, मुलाखतीची तारीख आली. आणि तारखेसोबत आलं मेडिकल, म्हणजे व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी.

आबा हसले होते. "माझं मेडिकल? करू दे की."

[दृश्य : टेबलावर पसरलेली कागदपत्रं. आबांची बायको, आक्का, चष्मा लावून एकेक लावतायत.]

आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिली चूक इथंच होते. नेहमीच्या डॉक्टरांकडून फिटनेसचं सर्टिफिकेट आणायचं, असं वाटतं. वीस वर्षं नाडी बघणारे डॉक्टर असोत, नाहीतर राजारामपुरीतले नामांकित एम.डी. असोत, त्यांचा कागद इथं चालत नाही. ज्या देशाचा व्हिसा, त्या देशानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. त्यांना पॅनेल फिजिशियन म्हणतात. अमेरिकेसाठी आबांना मुंबईच गाठायची होती.

दुसरी चूक उपासाची. मेडिकल म्हटलं की आपण आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा तोलून पितो. आक्का रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसून आल्या आणि केंद्रावर पोचेपर्यंत पोटात चहाचा घोट नाही. "मी म्हटलो, रक्त काढणार म्हणजे उपाशीच पाहिजे." तिथल्या सिस्टरांनी विचारलं, "कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. केंद्रानं स्वतःहून कळवलं नसेल तर व्यवस्थित नाश्ता करून जा. रांगेत दोन-तीन तास सहज जातात.

हे मेडिकल तुमची तब्येत ठणठणीत आहे का हे बघण्यासाठी नसतंच. अमेरिकेच्या यादीत काही ठरावीक गोष्टी आहेत. सगळ्यात वरती क्षयरोग. मग गरमी आणि परमा. आता सगळे सिफिलिस, गोनोरिया म्हणतात, पण जुन्या लोकांना हेच शब्द कळतात. त्यानंतर कुष्ठरोग. शेंडा पार्कचं कुष्ठधाम माहीत असलेल्या कोल्हापूरकरांना तो वेगळा सांगायला नको. शिवाय नशेचं व्यसन, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असा मानसिक आजार. एचआयव्ही अमेरिकेनं 2010 साली या यादीतून काढला. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मात्र पंधरा वर्षांपुढच्या अर्जदारांची ती तपासणी अजून करतात.

शुगर आणि बीपी त्या यादीत नाहीत. त्यांची नोंद होते, औषधं विचारतात. म्हणून गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या चिठ्ठ्या बरोबर ठेवायच्या. "एक पांढरी सकाळी, एक गुलाबी रात्री" एवढ्यावर डॉक्टरांचं भागत नाही.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. बोटीवरून उतरणारी माणसं.]

ही पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचं बेट आहे. तिथलं केंद्र 1892 साली उघडलं. जिना चढणाऱ्या माणसांकडे डॉक्टर नुसते बघायचे. कोण लंगडतंय, कुणाला धाप लागतेय. संशय आला की कोटावर खडूनं अक्षर काढायचे. हृदयासाठी एक, डोळ्यांसाठी दुसरं. आपल्याकडं बैलबाजारात दात बघून आणि चार पावलं चालवून किंमत ठरवतात, तसंच ते. आता खडू गेला. त्याच्या जागी क्ष-किरण आले.

[दृश्य : मुंबई, केंद्राबाहेरचा रस्ता. आत कॅमेरा नेता येत नाही. आतलं सगळं आबा-आक्कांच्या तोंडून.]

आत गेल्यावर आधी पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, फोटो. मग उंची, वजन, बीपी, नजर. रक्त कुणाचं घ्यायचं हे वयावर ठरतं. मग डॉक्टरांची खोली. पूर्वी ऑपरेशन झालंय का, दवाखान्यात दाखल होता का, घरात कुणाला टीबी होता का, दारू पिता का.

दारूचा प्रश्न आला तेव्हा आबा म्हणाले, "चार माणसांत कधीतरी." आक्कांनी नुसतं बघितलं. आबांनी दुरुस्ती केली, "आखाडात." डॉक्टर हसले. त्यांना आखाड माहीत असावा.

तपासताना कपडे उतरवावे लागतात. गाऊन देतात. बायकांनी निःसंकोच सांगावं, की सोबत बाई पाहिजे. त्यात कुणाला राग येत नाही. त्वचेवर चट्टे आहेत का, तिथं स्पर्श कळतो का, गळ्यात गाठी आहेत का, हे हातानं बघतात. आबांच्या कानांपाशी डॉक्टर थांबले. "हे काय झालं?" "कुस्ती." त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग लसी. अमेरिकेला कायमचं राहायला जाणाऱ्यांना वयानुसार ठरलेल्या लसी लागतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात, हंगाम असेल तर फ्लू. आता सत्तरीकडं झुकलेल्या माणसाकडे लसीचं कार्ड कुठलं असणार? आक्कांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, तोच त्यांचा पुरावा, आणि तो इथं उपयोगाचा नाही. ज्याचं रेकॉर्ड नाही ती लस वयाला लागू असेल तर केंद्रावरच देतात. लहान मुलं असतील तर मात्र कार्ड घरभर शोधा. एक कागद सापडला तर पोराच्या दंडातल्या दोन-तीन सुया वाचतात.

एक्स-रेच्या खोलीत जाण्याआधी सगळं धातूचं काढायला लावतात. आक्कांचं मंगळसूत्र, आबांच्या गळ्यातला ताईत. मंगळसूत्र काढताना आक्का थोड्या थबकल्या. आतली मुलगी मराठीच होती, म्हणाली, "काकू, वाटीची सावली नेमकी फुप्फुसावर येते. डाग समजतील." आक्कांनी ते रुमालात बांधून आबांच्या हातात दिलं.

थंडगार पाटीला छाती टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं. "श्वास घ्या… धरा." एवढंच.

आक्कांचा साफ आला.

आबांचा नाही.

[दृश्य : रंकाळ्याचा कट्टा, संध्याकाळ. आबा पाण्याकडे बघतायत.]

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला एक सावली होती. डॉक्टरांनी खुर्ची पुढं घेतली आणि पुन्हा विचारलं, "घरात कुणाला टीबी?" मघाशी आबा "नाही" म्हणाले होते.

"वडिलांना वानलेसवाडीला ठेवलं होतं," आबा म्हणाले.

कोल्हापूर-सांगली भागात जुन्या माणसांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वानलेसवाडी म्हणजे छातीचं हॉस्पिटल. आजाराचं नाव घ्यायचं नाही, गावाचं घ्यायचं. ज्यांच्या नावानं ते गाव वसलं ते डॉ. विल्यम वानलेस जन्मानं कॅनडाचे, मिशनरी. 1894 साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. कॅनडातून एक डॉक्टर आपल्या लोकांची छाती तपासायला आला होता. आता आपली पोरं कॅनडाला जाण्याआधी छातीचा एक्स-रे काढतात. मला हा योगायोग गमतीचा वाटतो. आबांना त्या दिवशी वाटला नसता.

आक्कांना चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट ठाऊक नव्हती. परतीच्या रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगितला असता तर मी काय माहेरी गेलो असतो?"

सावली दिसली म्हणजे टीबी आहे, असं नाही. लहानपणी घरातल्या माणसाकडून जंतू छातीत जातात, शरीर त्यांना कोंडून टाकतं, मागं वळ राहतो. माणूस पुढं कुस्त्या मारतो, संसार करतो, त्याला कळतही नाही. पण एक्स-रेवर जुना वळ आणि जिवंत आजार यांतला फरक खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून पुढची पायरी येते. तीन सकाळी, तीन नमुने.

[दृश्य : रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची डबी. अगदी जवळून.]

डोंबिवलीच्या पुतण्याकडे मुक्काम. पहाटेची लोकल. ब्रश करायचा नाही, साध्या पाण्यानं चूळ भरायची. हवा खेळती असलेल्या वेगळ्या जागेत उभं करतात, बाहेरून माणूस बघत असतो, कारण नमुना तुमचाच आहे याची खात्री हवी असते.

पहिल्या दिवशी आबांनी डबीत थुंकी टाकली. बाहेरचा माणूस म्हणाला, "बाबा, थुंकी नको, बेडका पाहिजे. छातीतनं."

आता बेडका हा शब्द आपण चारचौघांत काढत नाही. पण ही तपासणी त्याच शब्दावर उभी आहे. थुंकी तोंडातली, पातळ, फेसाळ. तिच्यात जंतू सापडायची शक्यता कमी. बेडका खालून येतो, चिकट, जड. दोनदा खोल श्वास घ्यायचा, धरायचा, सोडायचा. तिसऱ्यांदा पोटातून जोर लावून खोकायचं. ज्यांना येतच नाही त्यांना मिठाच्या पाण्याची वाफ देतात, म्हणजे सुटतो. आबांना वाफ लागली. शंभर बैठका मारणारा माणूस त्या डबीपुढं घामाघूम झाला होता, असं पुतण्या सांगतो.

सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल काही दिवसांत कळतो. पण तेवढ्यावर सोडत नाहीत. नमुन्यातले जंतू वाढवून बघतात, त्याला कल्चर म्हणतात, आणि त्याला आठ आठवडे लागू शकतात. हा उशीर ऑफिसातल्या ढिलाईचा नाही. साधे पोटातले जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखनं 1882 साली तो शोधला तेव्हाही तो असाच सावकाश होता. त्याच्यापुढं वशिला चालत नाही.

मुलाखत पुढं गेली. तिकिटं काढलेली नव्हती, हे बरं झालं. मेडिकलच्या आधी तिकीट काढणाऱ्यांना एवढं ऐकवा.

[दृश्य : मध्यवर्ती बसस्थानक. पाठीवर बॅगा घेतलेली मुलं.]

बाकीच्या देशांचं थोडक्यात. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना टीबीचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावं लागतं आणि ते सहा महिने चालतं. कॅनडाचा निकाल बारा महिने चालतो. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकलला जाण्याआधी हॅप आयडी नावाचा क्रमांक लागतो. तो नसेल तर केंद्र दारातून परत पाठवतं. बाई गरोदर असेल तर एक्स-रेच्या आधी सांगायचं. पोटावर शिशाचं आवरण ठेवून काढता येतो, बाळंतपणानंतरही काढता येतो. कुठला पर्याय मिळेल ते देशागणिक बदलतं.

आखाती देशांची तऱ्हा वेगळी आणि जास्त कडक. तिथं फिट किंवा अनफिट, एवढाच निकाल. आबांसारखी सावली घेऊन एखादा तरुण वेल्डर तिथं गेला तर आठ आठवडे थांबायची सोय त्याला मिळेलच असं नाही. एजंटला पैसे आधी देणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चानं एक साधा एक्स-रे कोल्हापुरातच काढून बघावा, असं माझं मत. व्हिसासाठी तो चालणार नाही. पण कर्ज काढण्याआधी स्वतःला कळलेलं बरं.

जुना टीबी झाला असेल, औषधं घेतली असतील, तर ती फाइल लपवू नका, उलट घेऊन जा. कुठली औषधं, किती महिने, कुठल्या सरकारी दवाखान्यातून. जुना एक्स-रे असेल तर सोनं समजा; जुन्या आणि नव्या फिल्ममध्ये सावली तशीच असेल तर डॉक्टरांना सांगायला आधार मिळतो. आबांकडे तसलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे फक्त एका गावाचं नाव होतं.

[दृश्य : मंगळवार पेठ, रात्र. दोन उघड्या बॅगा.]

नववा आठवडा लागता लागता निकाल आला. तिन्ही नमुन्यांत जंतू नाहीत. जुनाच वळ. त्याची नोंद झाली, आणि तिकडं पोचल्यावर तिथल्या आरोग्य खात्याकडं एकदा दाखवायचं, असं सांगितलं. निकालाच्या मुदतीतच प्रवास करायचा, आणि छातीत वळ निघालेल्यांची मुदत इतरांपेक्षा कमी असते, म्हणून आता घाई.

एक्स-रेची सीडी हातातल्या बॅगेत. कुठलं बंद पाकीट दिलं असेल तर तेही, आणि ते फोडायचं नाही, कितीही उत्सुकता वाटली तरी.

आक्कांनी सीडी कांदा-लसूण चटणीच्या डब्याशेजारी ठेवली होती. आबांनी ती उचलली, धोतराच्या घडीत गुंडाळली आणि पिशवीत वरती ठेवली.

"चटणी मोठ्या बॅगंत टाक," ते म्हणाले. "ह्याला तेल लागाय नको."