लोझानचा ठराव आणि गंगापूरचं पाणी

नमस्कार. नाशिकमध्ये नौकांच्या खेळाविषयी बोलायचं तर दत्तू भोकनळ यांचं नाव आधी घ्यायला हवं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा माणूस २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्याने सुवर्णपदक आणलं. पण त्यांचा खेळ रोइंग. त्यात खेळाडू पाठमोरा बसतो आणि वल्ही नौकेच्या काठाला अडकवलेली असतात. आज मी बोलणार आहे ते कयाक आणि कॅनोविषयी. इथे तोंड पुढे असतं आणि वल्हं मोकळं, हातात असतं. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कॅनोत गुडघ्यावर बसून एकाच पात्याने पाणी मारायचं. वर्तमानपत्रांत हे सगळं ‘नौकानयन’ या एकाच मथळ्याखाली येतं, आणि पालक चुकीच्या प्रशिक्षकाकडे जाऊन उभे राहतात.

रोइंगची जागतिक संघटना १८९२ पासूनची. कॅनो-कयाकची १९२४ साली कोपनहेगनमध्ये स्थापन झाली. ऑस्ट्रिया, जर्मनी, डेन्मार्क आणि स्वीडन हे चार देश त्यात होते. १९४६ पासून तिचं नाव आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघ आहे आणि आज कचेरी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे. ही मंडळी काय करतात? सगळ्यात आधी, नौका मोजतात. एकट्याची स्प्रिंट कयाक ५.२० मीटरपेक्षा लांब चालत नाही आणि १२ किलोंपेक्षा हलकी चालत नाही. लांब नौका पाण्यात वेगाने जाते, आणि हलकी नौका ज्याच्याकडे पैसा आहे तोच बनवू शकतो. ही मर्यादा नसती तर शर्यत कारखान्यांतच लागली असती. मला ही नियमाची वही फार मोलाची वाटते.

प्रकार पुष्कळ आहेत. स्प्रिंट म्हणजे संथ पाण्यावर सरळ रेषेत, नऊ मीटर रुंदीच्या नऊ पट्ट्यांत. मॅरेथॉनमध्ये मधेच नौका उचलून धावत जायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. कॅनो पोलोत पाच-पाच खेळाडू, आणि गोल पाण्याच्या दोन मीटर वर टांगलेला. शिवाय वाइल्डवॉटर म्हणजे खळाळत्या नदीतली शर्यत, फ्रीस्टाइल म्हणजे नौकेच्या कसरती, आणि समुद्रातल्या शर्यती.

स्लॅलमवर मात्र थांबतो. खळाळत्या पाण्यावर गेट टांगलेली असतात. हिरवी प्रवाहाबरोबर पार करायची, लाल प्रवाहाविरुद्ध. खांबाला स्पर्श झाला तर दोन सेकंद दंड, गेट चुकलं तर पन्नास. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्गला त्यासाठी कृत्रिम प्रवाह बांधला गेला. पूर्व जर्मनीने त्याची प्रतिकृती आपल्या त्स्विकाउ गावात उभारली, तिथे सराव केला आणि चारही सुवर्णपदकं नेली. त्यानंतर स्लॅलम ऑलिंपिकमधून गेला तो थेट १९९२ च्या बार्सिलोनात परतला. वीस वर्षं! त्या काळात खेळलेल्या कितीतरी चांगल्या खेळाडूंची उमेद ऑलिंपिकविना सरली.

आणि स्त्रियांचं काय? कयाकमध्ये त्यांना १९४८ साली लंडनला प्रवेश मिळाला. कॅनोत टोकियोला, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली. मधली त्र्याहत्तर वर्षं. एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूने वल्हवणं स्त्रीच्या शरीराला अपायकारक, असं सांगितलं जायचं. आपल्या नद्यांवर, खाडीत बायका पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवत आल्या आहेत, त्यांना हे कुणी विचारायला गेलं नाही. २०१० साली जागतिक स्पर्धेत स्त्रियांची कॅनो आली, आणि टोकियोत दोनशे मीटरचं पहिलं सुवर्ण नेव्हिन हॅरिसन या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलीने घेतलं. हा निर्णय योग्यच होता आणि फार उशिरा झाला. पण ऑलिंपिकमध्ये जागा ठरलेल्या असतात. स्त्रियांना जागा देताना पुरुषांची दुहेरी स्लॅलम कॅनो गेली.

ही कात्री आपल्यापर्यंतही पोहोचली. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ च्या ऑक्टोबरात, अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दुहेरी कॅनोच्या हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. या खेळात भारताला १९९४ नंतरचं हे पहिलं पदक. पण पुढच्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दुहेरी कॅनोची शर्यत हजारऐवजी पाचशे मीटरची होती. हजारासाठी घडवलेलं शरीर पाचशेला तसंच कामाला येत नाही. सुरुवातीचा जोर वेगळा, श्वासाचा हिशेब वेगळा. म्हणून मी म्हणतो, लोझानचा ठराव जिल्ह्याच्या प्रशिक्षकाने त्याच आठवड्यात वाचला पाहिजे.

हद्दीची भांडणंही आहेत. उभं राहून फळीवर वल्हवायचा खेळ कॅनोवाल्यांचा की सर्फिंगवाल्यांचा? वाद क्रीडा लवादापर्यंत गेला. २०२० साली लवादाने ऑलिंपिकपुरता अधिकार सर्फिंग संघटनेला दिला, आणि कॅनो महासंघाला आपल्या स्पर्धा घ्यायला मोकळीक ठेवली.

आता नाशिक. सोमेश्वरच्या धबधब्यावर स्लॅलम घ्यावा, असं मला उत्साहाने सुचवलं जातं. मी ठाम नाही म्हणतो. पावसाळ्यात तिथलं पाणी हाताबाहेर असतं, उन्हाळ्यात उघडे खडक. स्लॅलमला नियंत्रित प्रवाह लागतो. शिकायचंच असेल तर महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर मुलांना घेऊन जा. आपल्याकडे गंगापूर धरणाचा जलाशय आहे. तिथे स्प्रिंट होईल, मॅरेथॉन होईल. पोलो तर पोहण्याच्या तलावातही सुरू करता येतो, आणि त्यात मूल उलटलेली नौका सरळ करायला आपोआप शिकतं. पोहता येत नसेल त्याला नौकेत बसवू नका, जीवरक्षक जॅकेट असलं तरी.

एक मागणी मात्र मी इथे सगळ्यांसमोर करतो. पॅराकॅनो, म्हणजे अपंग खेळाडूंचा कॅनो-कयाक, २०१६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. ग्वाल्हेरची प्राची यादव टोकियोत अंतिम फेरीत पोहोचली आणि हांगझोउच्या पॅरा आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. पाण्यात उतरल्यावर पायांचा अधूपणा पुष्कळसा मागे पडतो. अडचण असते ती नौकेपर्यंत पोहोचण्याची. गंगापूरला जेव्हा नवा धक्का बांधला जाईल, तेव्हा पायऱ्यांशेजारी चाकाची खुर्ची पाण्याच्या कडेपर्यंत जाईल असा उतार आराखड्यातच काढून घ्या, आणि पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते म्हणून शेवटचा भाग तरंगता ठेवा.